स्पीड सेन्सर नवा टाकला, तरी काटा पुन्हा शून्यावर

गाडी साठच्या वेगाने चाललीय आणि मीटरचा काटा एकदम खाली पडतो. एखाद्या स्पीडब्रेकरवर आदळली की परत उठतो. किलोमीटर मोजणं मधूनमधून थांबतं, सिग्नलला गाडी सावकाश आणली की इंजिन बंद पडतं, कधी पॉवर स्टीअरिंगचा दिवा लागतो. गॅरेजमध्ये स्कॅनर लावला की पी०५०० कोड निघतो आणि गिअरबॉक्सवरचा स्पीड सेन्सर बदलला जातो. पंधरा दिवस ठीक. मग एका पावसाळी सकाळी तेच सगळं पुन्हा.

अशा वेळी तिसरा सेन्सर विकत घेऊ नका. एकदा बदलूनही तक्रार परत आली असेल, तर दोष बहुतेक वेळा सेन्सरच्या शेजारच्या फूट-दीड फूट वायरमध्ये किंवा कपलरमध्ये, म्हणजे वायर सेन्सरला जोडणाऱ्या प्लास्टिकच्या प्लगमध्ये, असतो. पी०५०० चा अर्थ ‘सेन्सर खराब’ असा नाही. ‘कंट्रोलरपर्यंत (इंजिन सांभाळणाऱ्या संगणकापर्यंत) वेगाचा सिग्नल पोचत नाही’ एवढंच तो सांगतो.

आधी आपल्या गाडीत हा सेन्सर आहे का ते बघा

जुन्या अल्टो, वॅगन-आर, सँट्रो यांसारख्या मॅन्युअल गाड्यांत हा सेन्सर गिअरबॉक्सवर, डिफरन्शियलच्या (दोन्ही चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरसंचाच्या) वरच्या अंगाला, फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या) बाजूने बसवलेला असतो. एअर फिल्टरचा डबा काढला की दिसतो. भारतात एप्रिल २०१९ पासून सगळ्या नव्या कारना एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) सक्तीचं झालं. त्यानंतरच्या बऱ्याच गाड्या वेग चाकांवरच्या एबीएस सेन्सरकडूनच घेतात आणि गिअरबॉक्सवर वेगळा सेन्सर नसतोच. काटा पडताना एबीएसचा दिवाही लागत असेल, तर गिअरबॉक्सकडे वळूच नका, चाकाकडे बघा.

ऑटोमॅटिकमध्ये मामला थोडा वेगळा. तिथे आत येणारा वेग मोजणारा एक आणि बाहेर जाणारा वेग मोजणारा एक, असे निदान दोन सेन्सर असतात. पी०७१५ ते पी०७१८ हे इनपुटचे कोड, पी०७२० ते पी०७२३ हे आउटपुटचे. त्यांच्याकडे शेवटी येऊ.

स्कॅनरवरचा आकडा आणि मीटरचा काटा

साधा ब्लूटूथ स्कॅनरही पुरतो, फक्त कोड वाचून थांबू नका. लाइव्ह डेटामध्ये वाहनाचा वेग उघडा आणि शेजारी कुणाला तरी बसवून गाडी चालवा. काटा पडला त्या क्षणी स्क्रीनवरचा आकडा बरोबर असेल, तर सेन्सर ठणठणीत आहे. बिघाड मीटरमध्ये किंवा मीटरकडे जाणाऱ्या वायरमध्ये आहे. उलट, काटा ठीक आणि स्क्रीनवर शून्य, असं असेल तर मीटरपासून इंजिन कंट्रोलरपर्यंतची वायर तपासा. काही गाड्यांत सिग्नल आधी मीटरला जातो आणि तिथून पुढे. दोन्ही एकदम शून्यावर आले, तरच सेन्सर, त्याचा कपलर, सप्लाय (वीजपुरवठा) आणि अर्थ (अर्थिंग) यांच्याकडे या. या दहा मिनिटांत निम्मी चुकीची खरेदी टळते.

कपलर

इथे घाई करू नका. इग्निशन बंद करून खटका दाबा आणि कपलर वायर न ओढता त्याच्या अंगाला धरून काढा. आत टॉर्च मारा. हिरवी-पांढरी भुकटी दिसली तर पाणी शिरलंय. काळपट तेल दिसलं तर वेगळी गोष्ट: गिअर ऑइल सेन्सरच्या शरीरातून वर चढून कपलरमध्ये आलंय, म्हणजे सेन्सरचं आतलं सील गेलंय. तो सेन्सर बदलायचाच. पण कपलर कॉन्टॅक्ट क्लीनरने दोन-तीनदा धुऊन वाळवल्याशिवाय नवा जोडू नका.

भुकटी नाही, तेल नाही, पिना चकचकीत. तरी दोष इथेच असू शकतो, आणि तो डोळ्यांना दिसत नाही. कपलरच्या आतल्या मादी पिनेची पकड बघा. आधीच्या कुणी मल्टीमीटरची जाड सुई समोरून त्यात खुपसलेली असते. पिनेची पाती फाकते, कपलर बाहेरून ‘टक’ करून बसतो, पण आत संपर्क नुसता टेकलेला राहतो. खड्ड्यात आदळलं की सुटतो, पुढच्या खड्ड्यात परत लागतो. सेन्सर बदलताना कपलर काढून घातला जातो, संपर्क थोडा घासून निघतो आणि गाडी पंधरा दिवस बरी चालते. नव्या सेन्सरला मिळालेलं श्रेय खरं तर या घासण्याचं असतं.

पकड तपासायला जुन्या सेन्सरच्या कपलरमधली एक नर पिन कापून घ्या. तिला छोटी वायर जोडा आणि एकेका मादी पिनेत घालून ओढून बघा. तिन्ही पिनांना सारखा अडसर जाणवला पाहिजे. एखादीतून लोण्यातल्या सुरीसारखी सुटली, तर ती बदला. बारीक टोकाने पाती किंचित आत दाबणं हा तात्पुरता उपाय. मोजमाप घेताना सुई नेहमी कपलरच्या मागून, वायरच्या रबरी सीलशेजारून घाला. समोरून कधीच नाही.

वायर

टेस्ट लॅम्पची टोकदार सुई वायरमध्ये टोचून सप्लाय बघायची गॅरेजमधली जुनी सवय. त्या एका भोकातून पावसाळ्यात पाणी शिरतं आणि तांबं आतल्या आत हिरवं होत जातं. वरून इन्सुलेशन अखंड दिसतं. वायर बोटांनी हळू दुमडत जा. एखाद्या ठिकाणी ती जास्तच लवचिक किंवा कडक लागली तर तिथे कापा, आणि लालसर चकचकीत तांबं लागेपर्यंत मागे जा. काळ्या पडलेल्या तांब्यावर डाग (सोल्डर) धरत नाही. जोड क्रिम्प करून (धातूच्या नळीत दाबून) त्यावर आतून गोंद असलेली हीट श्रिंक नळी चढवा. नुसती काळी टेप इंजिनच्या उष्णतेने दोन महिन्यांत सुटते.

पुढचे संशयित ठरलेले आहेत. बॅटरीच्या ट्रेखालून जाणारी वायर ट्रेच्या कडेला घासते. उंदीर कुरतडतात, आणि एका जागी कुरतडलेली वायर दिसली की पुढचा फूटभरही तपासायचा, कारण ते एका ठिकाणी थांबत नाहीत. बाहेरून सीएनजी किट बसवलेल्या गाड्यांत किटची वायरिंग याच जुडग्याला बांधलेली असते आणि मूळची बांधणी सैल झालेली असते.

पिवळ्या नंबरप्लेटच्या गाड्यांत आणखी एक जागा आहे: स्पीड गव्हर्नर. त्याला वेगाचा सिग्नल लागतो, आणि तो बऱ्याचदा सेन्सरच्या सिग्नल वायरवर दाबून बसवणारी क्लिप लावून घेतलेला असतो. ती क्लिप मूळ वायरचे निम्मे धागे कापते. तपासणीपुरता हा फाटा वेगळा करून बघा. काटा स्थिर झाला तर गव्हर्नर काढून टाकू नका, तो टॅक्सीला कायद्याने लागतो. जोड नीट करून घ्या. नंतर बसवलेलं आपोआप लॉक होणारं सेंट्रल लॉकिंगही असाच फाटा घेतं.

अर्थ आणि सप्लाय

तीन वायरींच्या हॉल सेन्सरला (गिअरचे दात समोरून गेले की चालू-बंद होणारी चिप असलेल्या) सप्लाय, अर्थ आणि सिग्नल असतात. कपलर जोडलेला आणि इग्निशन चालू ठेवून, मागून सुई घालून मोजा. सप्लायच्या पिनेवर बॅटरीपेक्षा अर्ध्या व्होल्टहून जास्त कमी नको (५ व्होल्टवर चालणारा सेन्सर असेल तर ५ च्या आसपास). मग मीटरची लाल सुई सेन्सरच्या अर्थ पिनेवर आणि काळी थेट बॅटरीच्या निगेटिव्हवर ठेवा. ०.१ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थ कच्चा आहे. तो फक्त ओहम मोजून कळत नाही: एक धागा शिल्लक असला तरी ओहममीटर ‘छान’ म्हणतो. गिअरबॉक्सवरची जाड अर्थिंग पट्टीही उघडून, गंज घासून पुन्हा आवळा. क्लचचं काम झाल्यावर ती सैल राहिल्याची उदाहरणं पुष्कळ.

आता कपलर काढा. हार्नेसच्या (गाडीकडून येणाऱ्या वायरच्या जुडग्याच्या) बाजूच्या सिग्नल पिनेवर इग्निशन चालू असताना ५ किंवा १२ व्होल्ट दिसले पाहिजेत. हा व्होल्टेज कंट्रोलर किंवा मीटर पाठवतो. शून्य असेल तर सिग्नलची वायर तुटलीय, सेन्सरचा संबंध नाही.

व्होल्टेज आला तर एक छान परीक्षा करता येते. इंजिन बंद, इग्निशन चालू. सिग्नलची पिन वायरच्या तुकड्याने अर्थला टक-टक-टक लावा, सेकंदाला पाच-सहा वेळा, आणि स्कॅनरवर वेग बघा. आकडा हलला तर इथून कंट्रोलरपर्यंत सगळं शाबूत आहे. पण आधी सिग्नलची पिन नक्की ओळखा, नाहीतर सप्लाय अर्थ होऊन फ्यूज जाईल. ओळखायला पिन आणि अर्थ यांच्यामध्ये १ किलोओहमचा रेझिस्टर धरून व्होल्ट मोजा: सप्लायचा आकडा जागचा हलत नाही, सिग्नलचा ठळकपणे खाली येतो.

सेन्सर खरंच मेला आहे का

एक पुढचं चाक उचला, खाली स्टँड लावा, मागच्या चाकांना दगड, हँडब्रेक ओढलेला, गिअर न्यूट्रल. कपलर जोडून सिग्नल वायरवर मल्टीमीटर लावा आणि चाक हाताने सावकाश फिरवा. हॉल सेन्सर असेल तर आकडा शून्याच्या जवळ आणि ५ (किंवा १२) यांच्यामध्ये उडी मारत राहील. मध्येच अडकून २-३ व्होल्टवर रेंगाळला तर सेन्सर किंवा अर्थ खराब.

उड्या मोजायच्या असतील तर हिशोब असा. जुन्या जपानी पद्धतीत ६० किमी वेगाला मीटरचा दांडा मिनिटाला ६३७ फेरे घेतो. दर फेऱ्याला ४ पल्स, म्हणजे ४ उड्या, धरल्या तर किलोमीटरला २५४८ पल्स, म्हणजे ६० च्या वेगाला साधारण ४२ हर्ट्झ. १४५/८० आर१२ टायरचा घेर जवळपास १.७ मीटर, म्हणून चाकाच्या एका फेऱ्याला चारपेक्षा थोडे जास्त पल्स यायला हवेत. पण एकच चाक उचललंय! दुसरं जमिनीवर उभं असल्याने डिफरन्शियलचा डबा चाकाच्या निम्म्या वेगाने फिरतो. त्यामुळे चाकाचे दहा फेरे म्हणजे चाळीस-बेचाळीस नव्हे, वीस-बावीस पल्स. हे न कळल्याने ‘निम्मेच पल्स येतात’ म्हणून चांगला सेन्सर फेकला जातो. दुसऱ्या पद्धतीच्या सेन्सरला आकडे वेगळे, निम्मेपणाचा नियम तोच.

आणखी एक फसगत टेबलावर होते. काढलेल्या हॉल सेन्सरला १२ व्होल्ट आणि अर्थ दिला, गिअरचे दात त्याच्यासमोर फिरवले, सिग्नलवर काहीच नाही. कारण बहुतेक हॉल सेन्सर स्वतः व्होल्टेज देत नाहीत, फक्त सिग्नलची वायर अर्थला ओढतात. गाडीत सिग्नलच्या वायरवरचा व्होल्टेज कंट्रोलर देतो. टेबलावर तो तुम्हाला द्यावा लागतो: सप्लाय आणि सिग्नलमध्ये ४.७ किलोओहमचा रेझिस्टर लावा, मग बघा.

दोन वायरींचा सेन्सर दोन जातींचा असतो. एक साधी तारेची गुंडाळी आणि चुंबक. त्याचा रोध काहीशे ओहमपासून दीड-दोन किलोओहमपर्यंत भरतो आणि चाक फिरवल्यावर एसी व्होल्ट दिसतात. दुसरा दोन वायरींचा हॉल, जो ७ आणि १४ मिलिअँपिअर अशा प्रवाहाच्या चढउतारात बोलतो. त्याला ओहममीटर लावून आलेल्या आकड्याला काहीही अर्थ नाही. हार्नेसवर इग्निशन चालू असताना स्थिर सप्लाय दिसला तर तो बहुधा दुसऱ्या जातीचा.

गुंडाळीच्या सेन्सरच्या दोन वायरी एकमेकींना पीळ घालून आणलेल्या असतात, तो पीळ शोभेचा नाही. दुरुस्तीत फूटभर पीळ सुटला तर इग्निशन कॉइलचा गोंगाट आत शिरतो, काटा थरथरतो आणि पी०५०३ येतो.

काढणे आणि बसवणे

साहित्य: दहा नंबरचं सॉकेट, पाव इंची रॅचेट, सहा इंची एक्स्टेंशन, कॉन्टॅक्ट क्लीनर, स्वच्छ फडकं, नवी ओ-रिंग (तेल अडवणारी रबरी कडी), गाडीच्या पुस्तकात सांगितलेलं गिअर ऑइल.

इंजिन गार असू द्या. बॅटरीची निगेटिव्ह काढा, एअर फिल्टरचा डबा बाजूला करा. सेन्सरच्या भोवतीची माती आधी ब्रशने आणि फडक्याने साफ करा. नाहीतर सेन्सर काढल्यावर ती थेट गिअरबॉक्समध्ये पडते. बोल्ट एकच, एम६. तो काढून सेन्सर हाताने डावी-उजवीकडे फिरवत वर ओढा. स्क्रू ड्रायव्हरने कानाखाली उचकटू नका. प्लास्टिकचा कान तुटतो आणि अर्धा सेन्सर आत राहतो. चिकटला असेल तर गंज सोडवणारा स्प्रे मारून पंधरा मिनिटं थांबा. तुटलाच, तर उरलेल्या तुकड्यात एक लाकडी स्क्रू सावकाश फिरवून पकडीने वर ओढा. आत ढकलायचा नाही.

काढलेल्या सेन्सरचं टोक बघा. पीठासारखी करडी लुकण चालते, ती नेहमीची झीज. चकचकीत कणी किंवा काड्या दिसल्या तर सेन्सर बाजूला ठेवा आणि गिअर ऑइल काढून बघा, दुखणं मोठं आहे.

टोकाला प्लास्टिकचा छोटा गिअर असणारा प्रकार असेल, तर त्याचे दात मोजा. नव्यावरचा गिअर वेगळ्या दातांचा आला तर सेन्सर चालेल, पण मीटर खोटं बोलेल: १६ च्या जागी १७ दात आले की गिअर हळू फिरतो आणि खऱ्या ८० ला मीटर ७५ दाखवतं. जुना गिअर झिजलेला नसेल तर तोच नव्यावर चढवा. दात एका बाजूला खाल्लेले असतील तर आतला चालवणारा गिअरही भोकातून टॉर्चने बघा, नाहीतर नवा गिअर महिन्यात जातो.

नवी ओ-रिंग गिअर ऑइलने ओली करून बसवा. जुनी खोबणीत राहिली नाही ना, हे बोटाने फिरवून बघा. जुनीवर नवी बसली तर सेन्सर तिरका राहतो. सिलिकॉन लावू नका, वॉशर तर मुळीच नको. टोक आणि दात यांच्यातली फट मिलिमीटरच्या आसपासची असते, एका वॉशरने ती दुप्पट होते. सेन्सर हाताने पूर्ण टेकेपर्यंत दाबा आणि मगच बोल्ट लावा. बोल्टने खाली ओढून बसवला की कान चिरतो. आवळणी १० न्यूटन मीटरच्या आसपास, म्हणजे पाव इंची रॅचेट दोन बोटांनी. गिअरबॉक्सचं अंग ॲल्युमिनिअमचं आहे, आटे मेले तर शंभर रुपयांचं काम हजारात जातं. वायर मूळच्या क्लिपमध्येच अडकवा, एक्झॉस्टपासून लांब. शेवटी ऑइलची पातळी बघा.

परत आलीच, तर कधी येते ते लिहून ठेवा

पावसात किंवा गाडी धुतल्यावर: कपलर किंवा टोचलेली वायर. खड्ड्यात: पिनेची पकड, अर्थ, घासलेली वायर. अर्धा-पाऊण तास चालल्यावर, आणि गार झाली की आपोआप ठीक: इथे मात्र सेन्सरवरच संशय घ्या, हॉलची चिप गरम झाल्यावर बंद पडते. काढलेल्या सेन्सरला केस वाळवायच्या यंत्राने गरम करून वरची टेबलावरची परीक्षा घ्या. वीसच्या खाली काटा मेलेला आणि वर गेल्यावर जिवंत: गुंडाळीचा सेन्सर असेल तर फट जास्त आहे किंवा टोकाला लोखंडी कण चिकटलेत, या जातीत वेग कमी तसा सिग्नल दुबळा असतो.

कोड पुसला नाही तरी सलग तीन फेऱ्या (गाडी सुरू करून, चालवून बंद करणं ही एक फेरी) दोषाविना झाल्या की इंजिनचा दिवा आपोआप विझतो. घाईने पुसण्यापेक्षा हा दिवा स्वतःहून विझण्याची वाट बघणं हीच जास्त खात्रीची चाचणी.

ऑटोमॅटिक असेल तर

गिअर कचका देऊन पडतात, गाडी एकाच गिअरमध्ये अडकते आणि कोड पी०७१५. टॉर्क कन्व्हर्टरच्या गाडीत (जिथे इंजिनची ताकद तेलातून गिअरबॉक्सला जाते) जागेवर उभं राहून परीक्षा होते. न्यूट्रलमध्ये इनपुटचा वेग इंजिनच्या आरपीएमच्या जवळ दिसला पाहिजे. ब्रेक घट्ट दाबून डी मध्ये टाका, तो शून्यावर आला पाहिजे. दोन्ही झालं तर इनपुट सेन्सर काम करतोय. (उभं असताना स्वतःच न्यूट्रलसारखं सोडणाऱ्या काही गाड्यांत डी मध्ये शून्य दिसत नाही.) चार गिअरच्या बऱ्याच ऑटोमॅटिकमध्ये तिसरा गिअर १:१ असतो, तेव्हा त्या गिअरमध्ये इनपुट आणि आउटपुट सारखे हवेत, सेन्सर काउंटर गिअरवर असेल तर ठरावीक पटीत. दोन्ही आकडे स्थिर आहेत पण प्रमाण जुळत नाही आणि सोबत पी०७३१ सारखे कोड आहेत, तर आत क्लच घसरतोय.

इनपुट आणि आउटपुटचे कोड एकदम आले तर दोन सेन्सर एका दिवशी मेले असं समजू नका, दोघांचा सामाईक सप्लाय किंवा अर्थ बघा. आणि काम नुकतंच झालेलं असेल तर दोन्ही कपलर एकमेकांच्या जागी तर लावले नाहीत ना, तेही. बऱ्याच गाड्यांत ते हुबेहूब सारखे असतात. काही ड्युअल क्लच गिअरबॉक्समध्ये हा सेन्सर मेकॅट्रॉनिक युनिटच्या (गिअरबॉक्समधल्या कंट्रोलर आणि व्हॉल्व्हच्या एकत्र संचाच्या) आतच असतो आणि सुटा बदलता येत नाही. तिथे बाहेरचा कपलर, सप्लाय आणि अर्थ एवढं तपासून झालं की पाना खाली ठेवा.